‘किंकर्तव्यविमूढ’ आणि त्याची भावंडं: वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

या खेपेच्या टपालात माणसाची मती बंद पडल्यावर वापरायच्या शब्दांविषयी एकामागून एक पत्रं आली. म्हणून हे सदर या वेळी त्याच एका कुटुंबाला दिलं आहे.

प्रश्न : नववीच्या वर्गात ‘किंकर्तव्यविमूढ’ हा शब्द आला. बऱ्याच मुलांनी ‘कर्तव्य विसरलेला’ असा अर्थ लिहिला. दोघांनी तर ‘किंकर’ वेगळा काढून ‘नोकराचं कर्तव्य’ अशी फोड केली. मुलांना नेमकं काय सांगावं? ‘इतिकर्तव्यतामूढ’चा अर्थही हाच का?
— एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : फोड अशी : किम् + कर्तव्य + विमूढ. पहिले दोन शब्द मिळून एक अख्खा प्रश्न होतो, ‘किं कर्तव्यम्?’ म्हणजे ‘काय करायचं?’. हा प्रश्न समोर उभा ठाकला आणि उत्तर सापडेना म्हणून ज्याची बुद्धी जागच्या जागी थिजली, तो किंकर्तव्यविमूढ. विग्रह ‘काय करावे याविषयी विमूढ’ असा करावा. समास सप्तमी तत्पुरुष.

मुलं चुकली ती मराठीतल्या ‘कर्तव्य’मुळे. आपण तो शब्द नैतिक जबाबदारीसाठी राखून ठेवला आहे. संस्कृतात मात्र ‘कृ’ धातूला ‘तव्य’ लागून ‘करायचं ते’ एवढाच अर्थ होतो. फळ्यावर शेजारी चार शब्द लिहा : वक्तव्य म्हणजे बोलायचं ते, गंतव्य म्हणजे जायचं ते ठिकाण, भवितव्य म्हणजे व्हायचं ते, ज्ञातव्य म्हणजे जाणून घ्यायचं ते. या रांगेत ‘कर्तव्य’ बसवलं की मुलांना पटतं. जबाबदारी सोडणारा तो कर्तव्यच्युत, तिच्याकडे पाठ फिरवणारा तो कर्तव्यपराङ्मुख. ‘किंकर्तव्यविमुख’ असं काही वेळा छापून येतं, पण तसा शब्द नाही.

‘किंकर’ वेगळा काढणाऱ्या दोघांना मात्र रागावू नका. त्यांची फोड चुकली, तरी हात योग्य ठिकाणी पडला आहे. ‘किंकर’ हा शब्दही ‘किम्’ आणि ‘कृ’ यांच्यापासूनच झाला. ‘काय करू?’ असं धन्याला विचारणारा तो किंकर. प्रश्न दोघांचा एकच. किंकराला उत्तर देणारा कोणीतरी असतो, किंकर्तव्यविमूढाला नसतो. हा फरक मुलं विसरणार नाहीत.

आता ‘विमूढ’. धातू ‘मुह्’. मोह, संमोह, व्यामोह, मोहिनी ही सगळी त्याचीच लेकरं. त्याला ‘त’ प्रत्यय लागला की दोन रूपं होतात, मुग्ध आणि मूढ. दोन्ही व्याकरणशुद्ध आहेत. मराठीत एकाच्या वाट्याला गोडवा आला, दुसऱ्याच्या वाट्याला वेडगळपणा. ‘मूढ’मधला ऊकार दीर्घ का, हेही सांगण्यासारखं आहे. संधी होताना तिथे दोन ‘ढ’ तयार होतात, त्यातला एक गळतो आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. गुह् पासून गूढ, रुह् पासून रूढ आणि आरूढ, लिह् पासून लीढ, सगळीकडे हीच क्रिया. ‘दृढ’मध्ये स्वर लांबत नाही, कारण हा नियम अ, इ, उ यांच्यापुरताच आहे, ऋ त्यात येत नाही. म्हणून ‘विमुढ’ लिहिणं चूक. हा शब्द तत्सम असल्यामुळे सामान्यरूपातही ऊकार ऱ्हस्व होत नाही. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं, पण ‘मूढ’चं ‘मूढाला’च राहतं.

वापरताना एकच कसोटी लावा : त्या प्रसंगी त्या माणसाला काही करणं भाग होतं का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या संध्याकाळी बंद पडलेल्या मोटारीत बसलेला माणूस पाहा. पाणी दारापर्यंत चढलेलं. बाहेर पडावं तर प्रवाह, आत थांबावं तर काचा अडकायची भीती. तो किंकर्तव्यविमूढ. उलट सीमारेषेवर एका हातात घेतलेला झेल पाहून प्रेक्षक किंकर्तव्यविमूढ होत नाहीत. त्यांना करायचं काहीच नव्हतं, ते थक्क होतात. ‘वेरूळचं कैलास लेणं पाहून आम्ही किंकर्तव्यविमूढ झालो’ हे वाक्य याच कारणानं चूक. ‘किंकर्तव्यविमूढ परिस्थिती’ हीसुद्धा चूकच, कारण मूढ माणूस होतो, परिस्थिती नाही. शब्द अविकारी आहे : तो, ती, ते सगळे किंकर्तव्यविमूढच होतात. भाववाचक नाम ‘किंकर्तव्यविमूढता’ शुद्ध आहे, पण ते वाक्यात घातलं की वाक्य लंगडतं. तिथे ‘काय करावं ते सुचेना’ असं लिहिलं तर अर्थाला काहीही उणेपणा येत नाही.

‘इतिकर्तव्यतामूढ’ मीमांसेतून, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातून, आला आहे. कोणत्याही विधीला मीमांसक तीन प्रश्न विचारतात : काय साधायचं, कशानं साधायचं आणि कसं साधायचं. तिसऱ्याचं उत्तर म्हणजे इतिकर्तव्यता, आधी हे, मग ते, अशी कृतीची रीत. घरातला कर्ता माणूस गेल्यावर बँक, विमा, सातबारा, वारस नोंद, सगळं करायचं आहे हे मुलाला ठाऊक असतं. सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. तो इतिकर्तव्यतामूढ. किंकर्तव्यविमूढाला ‘काय’च सापडलेलं नसतं, याला ‘कसं’ सापडत नाही. मराठी लेखकांनी दोन्ही शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले आहेत आणि तसं वापरणाऱ्याला आम्ही चूक म्हणणार नाही. पण भेद हाताशी असताना तो का टाकावा? ‘मुलीचं लग्न झालं की आपली इतिकर्तव्यता संपली’ या वाक्यात ‘करायचं ते सगळं’ असा तिसराच अर्थ आहे. ‘इति’ म्हणजे शेवट, ही मराठी जाणीव त्यात मिसळली असावी. तो अर्थ आता रूढ आहे.

वर्गात उदाहरण द्यायचं तर अर्जुनाचं द्या. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचे अवयव गळतात, तोंड कोरडं पडतं, मन गरगरतं. हे झालं शरीराचं. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात तो स्वतःला ‘धर्मसंमूढचेताः’ म्हणतो आणि नक्की काय ते सांग, अशी विनवणी करतो. ‘संमूढ’ म्हणजे ‘मूढ’चाच सख्खा भाऊ.

प्रश्न : एकाच पुस्तकाच्या मुद्रितात ‘दिङ्मूढ’, ‘दिग्मूढ’ आणि ‘दिड्मूढ’ अशी तीन रूपं सापडली. कोणतं ठेवू?
— एक मुद्रितशोधक, कोल्हापूर

उत्तर : ‘दिङ्मूढ’ ठेवा. ‘दिड्मूढ’ बिनदिक्कत काढा.

दिक् + मूढ. क, ट, त अशा व्यंजनापुढे न किंवा म आला की ते आपल्याच वर्गाचं अनुनासिक होतं. जगत् + नाथ = जगन्नाथ, षट् + मास = षण्मास, सत् + मती = सन्मती. क-वर्गाचं अनुनासिक ङ, म्हणून दिङ्मूढ. दोन स्वतंत्र शब्दांच्या संधीत हा नियम संस्कृतात वैकल्पिक आहे, त्यामुळे ‘दिग्मूढ’ला व्याकरणाच्या दृष्टीनं अशुद्ध म्हणता येत नाही. मराठीत मात्र ‘दिङ्मूढ’ स्थिरावला आहे आणि एका पुस्तकात एकच रूप हवं. ‘वाङ्मय’ला अशी मुभा नाही. तिथे ‘मय’ हा प्रत्यय आहे आणि असा प्रत्यय पुढे आला की अनुनासिक सक्तीचं, म्हणून ‘वाग्मय’ चूकच. पुढचं अक्षर अनुनासिक नसेल तर ग येतो : दिग्दर्शक, दिग्विजय, दिग्गज, दिगंत. पुढे कठोर व्यंजन असेल तर क तसाच राहतो : दिक्पाल.

‘ड्’ घुसतो तो दिसण्यातल्या सारखेपणामुळे. ङ म्हणजे ड आणि त्याच्या उजव्या अंगाला टिंब, एवढंच डोळ्याला दिसतं, आणि टंकताना ङ कुठे आहे हे आठवत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ह’ची कळ शिफ्ट धरून दाबली की ङ उमटतो. खाली नुक्ता असलेला ड़ वापरू नका, ते हिंदीतलं वेगळं अक्षर आहे. मुद्रित तपासताना संपूर्ण फाइलमध्ये ‘ड्म’ ही जोडी शोधा. परभाषेतून आलेले दोन-चार शब्द सोडले तर मराठीत ही जोडी येतच नाही, त्यामुळे सापडेल ती बहुधा वाङ्मय, दिङ्मूढ किंवा पराङ्मुख यांची चूकच असेल.

अर्थाबद्दलही थोडं. दिङ्मूढ म्हणजे दिशा हरवलेला. रानात रात्री चकवा लागलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, म्हणतात ना, तसा. हा शब्द लाक्षणिक वापरतानाही पायाखालची वाट नाहीशी झाल्याची जाणीव त्यात हवी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला, गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, आणि गिरणगावात वाढलेला, दुसरं काही काम न शिकलेला माणूस दिङ्मूढ झाला. तिथे ‘किंकर्तव्यविमूढ’ लिहिलं तर शब्द तोकडा पडतो. प्रश्न एका निर्णयाचा नव्हता, सगळ्या आयुष्याची दिशाच पुसली गेली होती.

प्रश्न : एकांकिका लिहिते आहे. एका पात्राला अचानक वाईट बातमी कळते. ‘भांबावते, गांगरते, बावरते, चक्रावते, हबकते’ यांतलं रंगसूचनेत कोणतं लिहू? सगळे सारखेच वाटतात.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : सारखे नाहीत. नटाला प्रत्येक शब्दानं वेगळं काम मिळतं, म्हणून रंगसूचनेत तर निवड फारच महत्त्वाची. आम्ही एक साधा प्रश्न वापरतो : त्या माणसाचं काय थांबलं?

जीभ थांबली तर अवाक. पाय थांबले तर जागच्या जागी खिळला, स्तंभित झाला. भावनाच थांबली, ना रडू ना राग, तर सुन्न. हा शब्द ‘शून्य’पासून प्राकृताच्या वाटेनं आला आहे. अर्थ अजून तोच आहे, आत काही उरलेलं नाही. श्वास क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला तर हबकला. निर्णय थांबला तर किंकर्तव्यविमूढ.

काहींचं मात्र थांबत काहीच नाही, उलट सगळं एकदम सुरू होतं. त्यांच्यासाठी क्रियापदं निराळी. गोंधळणे म्हणजे दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होऊन कोणती कुठली ते न कळणं. भांबावणे म्हणजे सगळीकडून एकाच वेळी मारा होणं. गावाहून आलेला माणूस संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर उभा राहिला की भांबावतो. त्याची मान सतत वळत राहते. बावरणे हलकं असतं. नवी जागा, नवी माणसं, थोडा संकोच, थोडी भीती, आणि ते सगळं नजरेत. पहिल्या दिवशी शाळेत आलेलं मूल बावरतं. भीती वाढली, अंग आक्रसलं की भेदरतं. गांगरायला समोर कोणीतरी जाब विचारणारं लागतं : साहेब, पोलीस, परीक्षक, सासरा. गांगरलेला माणूस ‘त त प प’ करतो. चक्रावणं डोक्याचं काम आहे. हिशेब तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा वेगळा आला की चक्रावतो, त्यात भीती नाही. बावचळलेला माणूस भलतंच बोलतो, भलतंच करतो. या शब्दात बोलणाऱ्याचा थोडा तुच्छतेचा सूर असतो, म्हणून शोकाच्या प्रसंगी तो टाळा. सैरभैर हे सगळ्यांत शेवटचं. आधार गेल्यावर माणूस एका जागी टिकत नाही, कामाशिवाय घरभर फिरतो. ‘कावराबावरा’ क्रियापद नाही, विशेषण आहे आणि ते चेहऱ्याला किंवा नजरेला लावायचं.

आता तुमचा प्रसंग. अचानक वाईट बातमी कळलेला माणूस एकाच अवस्थेत राहत नाही. पहिल्या क्षणी हबकतो. मग सुन्न होतो, तुम्हाला रंगमंचावर जितकी शांतता पेलेल तितका वेळ. मग हातातली वस्तू उगाच इकडून तिकडे ठेवतो, दाराकडे जातो, परत येतो, म्हणजे भांबावतो. ‘ती भांबावते’ ही सूचना बातमीनंतर लगेच लिहिलीत तर नटी पहिल्या सेकंदापासून हातवारे करू लागेल आणि मधली शांतता जाईल. म्हणून क्रम लिहा : ‘हबकते. सुन्न. थोड्या वेळानं पदराचं टोक चाळवू लागते.’

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भावांमध्ये, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या भावांमध्ये, ‘जडता’ आहे. तिची व्याख्या ‘सर्वकार्याप्रतिपत्ति’ अशी केली आहे, म्हणजे कोणतंच काम न सुचणं. इष्ट किंवा अनिष्ट ऐकल्यानं वा पाहिल्यानं ती येते, असं तिथे म्हटलं आहे. ‘इष्ट’ही म्हटलं आहे, हे लक्षात घ्या, कारण फार आनंदाची बातमीही माणसाला थिजवते. अभिनय कसा करावा तेही दिलं आहे : उत्तर न देणं, गप्प राहणं, पापणी न हलवता पाहणं. आवेग आणि मोह हे तिथे वेगळे भाव आहेत. आपण ज्याला भांबावणं म्हणतो ते आवेगाच्या जवळचं.

संवादात यातला कोणताच शब्द पात्राच्या तोंडी स्वतःविषयी घालू नका. ‘मी किंकर्तव्यविमूढ झाले’ असं घरात कोणी बोलत नाही. मराठीला त्यासाठी ‘-एना’चं सुरेख रूप आहे : सुचेना, कळेना, उमजेना, सुधरेना. ‘फोन ठेवला आणि मला काही सुचेनाच.’ ‘सुचलं नाही’ म्हटलं की गोष्ट संपल्यासारखी वाटते, ‘सुचेना’त ती धडपड चालू असते. ‘हातपाय गळाले’, ‘पायाखालची वाळू सरकली’, ‘डोकं गरगरलं’ हेही चालतील. ‘तोंडचं पाणी पळालं’ आणि ‘बोबडी वळली’ इथे नकोत, त्यात निव्वळ भीती आहे.

आणखी एक. ही क्रियापदं अकर्मक आहेत. ‘मी गांगरले’ बरोबर, ‘मला गांगरलं’ चूक. ‘मला गांगरल्यासारखं झालं’ मात्र बरोबर.

प्रश्न : हिंदी मालिकांचे मराठी संवाद तपासतो. ‘वह असमंजस में पड़ गया’चं ‘तो असमंजसात पडला’ आणि ‘हतप्रभ’चं ‘हतप्रभ’च येतं. खटकतं, पण कारण सांगता येत नाही.
— संवाद तपासनीस, ठाणे

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. मराठीत ‘समंजस’ म्हणजे समजूतदार, म्हणून ‘असमंजस’ म्हणजे समज नसलेला, पोरकट : ‘मूल अजून असमंजस आहे.’ हिंदीत ‘असमंजस’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ द्विधा मन:स्थिती. मराठी प्रेक्षकाला ‘असमंजसात पडला’ ऐकून काहीच बोध होत नाही. तिथे ‘तो पेचात पडला’, ‘त्याची द्विधा झाली’, ‘इकडे आड तिकडे विहीर’, ‘तो बुचकळ्यात पडला’ यांतलं प्रसंगाला शोभेल ते घ्या. बुचकळ्यात कोडं असतं, पेचात दोन वाटा असतात.

‘हतप्रभ’चा अर्थ प्रभा हरपलेला, निस्तेज. नव्या गायकापुढे जुना हतप्रभ झाला, असं मराठी वाक्य होतं. हिंदी बातम्यांत हा शब्द धक्का बसलेल्यासाठी सर्रास वापरला जातो, तिथे मराठीत ‘हतबुद्ध’ किंवा ‘स्तब्ध’ हवं. याच ‘हत’च्या रांगेत आणखी घोटाळे होतात : हतबल म्हणजे शक्ती संपलेला, हताश म्हणजे आशा संपलेला, हतबुद्ध म्हणजे बुद्धी चालेनाशी झालेला. धरण फुटल्याचं कळल्यावर गावकरी आधी हतबुद्ध होतात, पाणी शिरल्यावर हतबल होतात, आणि मदत आठ दिवस आली नाही तर हताश होतात. ‘हक्काबक्का’, ‘भौचक्का’ यांना ‘आ वासून पाहत राहिला’ हे सरळ मराठी आहे.

प्रश्न : आमच्याकडे कन्नड वर्तमानपत्रांत सणाच्या बातमीवर ‘संभ्रम’ असा मथळा असतो. मराठीत तर संभ्रम म्हणजे गोंधळ. चूक कोणाची?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कोणाचीच नाही. मूळ धातू ‘भ्रम्’, गरगर फिरणं. संस्कृतात ‘संभ्रम’ म्हणजे लगबग, धांदल, खळबळ. पाहुणा आला की उत्साहानं होणारी धावपळसुद्धा त्यात आली. कन्नडनं त्या लगबगीतला आनंद उचलला आणि तिथे संभ्रम म्हणजे उत्सवाचा उल्हास झाला. मराठीनं मनाचं गरगरणं उचललं.

मराठीतला संभ्रम बहुधा अपुऱ्या किंवा परस्परविरोधी माहितीमुळे होतो आणि तो बऱ्याचदा अनेकांना मिळून होतो : ‘प्रवेशाच्या तारखेबाबत पालकांत संभ्रम.’ एक स्पष्ट परिपत्रक निघालं की तो मिटतो. किंकर्तव्यविमूढ माणसाला माहिती देऊन भागत नाही, त्याला निर्णय घ्यावा लागतो.

प्रश्न : रुग्णालयात नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक करत आहोत. वयस्कर रुग्णाला अचानक काही कळेनासं होतं, त्यासाठी ‘संभ्रमावस्था’ लिहिलं आहे. लोकांना समजेल का?
— परिचारिका, नाशिक

उत्तर : शब्द चूक नाही, पण घाबरलेल्या मुलानं किंवा सुनेनं तो वाचून फोन उचलावा, एवढं बळ त्यात नाही. लोक काय बोलतात ते लिहा : ‘माणसं ओळखत नाहीत’, ‘असंबद्ध बडबडतात’, ‘दिवस की रात्र कळत नाही’, ‘घरातच असून घरी चला म्हणतात’. खेड्यातली जुनी मंडळी ‘वातात बरळतायत’ म्हणतील, तेही कंसात द्या.

तपासायचे प्रश्न सरळ छापा : आज कोणता वार? आपण आत्ता कुठे आहोत? हे समोर कोण बसलंय? वेळ, ठिकाण आणि माणूस, या तिन्हींचं भान यातून कळतं. ‘भ्रम’ आणि ‘भास’ यांची सरमिसळ करू नका. नसलेलं दिसणं-ऐकणं म्हणजे भास, खोटी गोष्ट घट्ट खरी मानणं म्हणजे भ्रम. ‘ग्लानी’ म्हणजे झापड, हाक मारल्यावर क्षणभर जाग येऊन पुन्हा डोळे मिटणं.

सगळ्यांत ठळक अक्षरांत ‘अचानक’ हा शब्द हवा. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला विसरभोळेपणा निराळा आणि काल ठीक असलेल्या माणसाला आज काही न कळणं निराळं. दुसऱ्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातली साखर किंवा सोडियम कमी होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध यांतलं काहीही असू शकतं, म्हणून ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. तोंड वाकडं होणं, एका हाताची शक्ती जाणं किंवा जीभ अडखळणं सोबत असेल तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं. हे वाक्य पत्रकात वेगळ्या चौकटीत ठेवा.

प्रश्न : मुलगी इथेच वाढली. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’चं मराठी म्हणून ‘मी गोंधळ घातला’ म्हणते. कसं समजावू?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तीन वाक्यं शेजारी ठेवा. ‘मी गोंधळले’ किंवा ‘माझा गोंधळ झाला’ : डोक्यात सरमिसळ झाली. ‘मी गोंधळ केला’ : काम बिघडवलं. ‘मी गोंधळ घातला’ : आरडाओरडा केला. हा तिसरा अर्थ तिला देवीच्या किंवा खंडोबाच्या गोंधळाची चित्रफीत दाखवून सांगा. संबळ, तुणतुणं, दिवटी आणि रात्रभराचा जागर. गोंधळ तिथे घातलाच जातो आणि तो सन्मानानं घातला जातो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘मला कळत नाहीये’ एवढं शिकवलं तरी पुरे.

थोडक्यात

‘अवाक’ की ‘अवाक्’? (सोलापूर) — मराठीत रूढ झालेले तत्सम व्यंजनान्त शब्द अकारान्त लिहायचे, हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम. क्वचित, अकस्मात, कदाचित तसंच अवाक. पाय मोडू नये.

‘स्तिमित’ आणि ‘विस्मित’ एकच का? (अमरावती) — आजच्या वापरात जवळजवळ एकच. मुळात ‘स्तिमित’ म्हणजे ओलं, निश्चल. ‘विस्मित’ ‘स्मि’ धातूचा, म्हणजे हसण्याच्या घरातला. पाणी, डोळे, वारा यांचं निश्चलपण दाखवायचं असेल तर ‘स्तिमित’ अजूनही फार सुंदर शब्द आहे.

‘चकित’मध्ये भीती असते का? (पणजी) — संस्कृतात असते. मेघदूतातली ‘चकितहरिणीप्रेक्षणा’ म्हणजे भ्यालेल्या हरिणीसारखी नजर असलेली. मराठीत भीती गळून आश्चर्य तेवढं उरलं. जुनी काव्यं वाचताना मूळ अर्थ घ्यावा, नाहीतर हरिणी उगाचच आश्चर्यानं पाहू लागते.

‘थक्क’ आणि ‘थकणे’ यांचं नातं? (जळगाव) — आहे. प्राकृतात ‘थक्क’ म्हणजे थांबणं. दमून थांबला तो थकला, पाहून थांबला तो थक्क झाला.